हर्शेलच्या नावाची नळी

रविवार, ३ मार्च

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमचा पांढऱ्या पोशाखाचा दिवस. पांढरा ड्रेस, पांढरे मोजे, पांढरे बूट, हातमोजे. कमरेचा पट्टा आणखी एक भोक आत गेला. जानेवारीत चर्चच्या बायकांनी उपास धरला होता, तो मला चांगलाच मानवलेला दिसतो. माझ्या जोडीच्या वर्डेलचा घेर मात्र आहे तिथेच आहे. ती म्हणाली, "ओडेसा, उपास दोघींनी केला आणि पुण्य एकटीने खाल्लंस."

गाणी रंगात आल्यावर तीन बायका भारावून कोसळल्या. दोघींना मी सावरलं, तिसरीला वर्डेलने. मला मधेच दम लागला, पण चर्चमध्ये उकाडाही फार होता.

प्रार्थना संपल्यावर काउंटीच्या आरोग्य खात्यातली एक गोरी पोरगी आली, केटलिन नाव. खोकं घेऊन सरळ माझ्यापाशी. "तुम्ही नर्स ना? बरं झालं!"

वर्डेल खो खो हसायला लागली. मी म्हटलं, "बाळा, आम्ही चर्चच्या नर्स. कुणी रडलं की रुमाल द्यायचा, कुणी पडलं की धरायचं, घेरी आली की पंख्याने वारा घालायचा. मला सुई टोचता येत नाही."

तिने माझ्या ड्रेसकडे पाहिलं आणि खोकं माझ्याच हातात दिलं. मीही नाही म्हटलं नाही. मला आवडलं ते. इथे खोटं कशाला लिहू?

खोक्यात चपट्या डब्या. प्रत्येक डबीत एक काडी आणि झाकणाची छोटी नळी. शौचातला कणभर भाग काडीने नळीत टाकायचा, वर आपलं नाव आणि जन्मतारीख लिहायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं आणि आतड्याचा कॅन्सर वेळेवर सापडतो. पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी करायचं. फुकट.

मी विचारलं, "आणि रक्त निघालं तर?"

"मग इस्पितळात कॅमेऱ्याने आतडं तपासतात."

"तेही फुकट?"

"ते तुमच्या विम्यावर अवलंबून आहे," असं म्हणून ती कागद चाळायला लागली.

मी माझी डबी घरी आणून स्वयंपाकघराच्या खणात टाकली, सुतळी आणि जुन्या बॅटऱ्यांखाली. माझा नवरा हर्शेल कागदाच्या गिरणीत होता तोवर त्याच्या विम्यात मीही होते. तो निवृत्त झाला, त्याला पासष्टीनंतरचा सरकारी विमा लागला, आणि माझा गेला. मला पासष्टला अजून चार वर्षं आहेत. तोवर आजारी पडायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय.

मंगळवार, १२ मार्च

आज मिसेस हॅडलीला मॉन्टगोमेरीच्या इस्पितळात नेलं. एरवी मी तिच्याकडे सफाईला जाते, आज गाडी चालवायला. तिची तीच कॅमेऱ्याची तपासणी होती. नंतर गुंगी असते, म्हणून गाडी चालवायला कुणीतरी लागतं. नवरा बँकेत मीटिंगमध्ये.

मी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"छे गं, काही नाही. पन्नाशीत एकदा केली होती, आता साठी आली म्हणून."

काहीही होत नसताना डॉक्टरकडे जायचं, आणि तेही दुसऱ्यांदा! मला हसू आलं. आमच्याकडे उठून बसता येतंय तोवर कुणी डॉक्टरचं तोंड बघत नाही, आणि उठता येईनासं झालं की डॉक्टर म्हणतात इतके दिवस कुठे होता.

बाहेरच्या खोलीत बर्फाचं यंत्र होतं. काय सुंदर बर्फ! बारीक, कुरकुरीत. मी पाच पेले खाल्ले. हल्ली बर्फ चावल्याशिवाय चैन पडत नाही. आईला असंच नदीकाठच्या पांढऱ्या मातीचं वेड होतं, कागदात बांधून एप्रनच्या खिशात ठेवायची. आमच्या घराण्यातच ही खोड आहे.

मिसेस हॅडली बाहेर आली ती हसत. काही निघालं नाही. वाटेत तिला मी सूप पाजलं.

शनिवार, २३ मार्च

बायकांच्या बऱ्याच डब्या परत आल्या. पुरुष अडून बसलेत. म्हणून तरुण पास्टर ग्रेडींनी नवीनच काढलंय: पुढच्या पहिल्या रविवारी चर्चच्या पंचांची, म्हणजे डीकनांची, नावं पुकारायची. ज्याने डबी दिली तो उभा राहील. आमचा हर्शेल डीकनांचा प्रमुख.

दुपारी जेवताना मी डबी त्याच्या ताटाजवळ ठेवली. त्याने ती काट्याने बाजूला सरकवली.

"डेसा, मी मासा खातोय."

"खाऊन झाल्यावर कर."

"माझी घाण मी परक्या पोरीच्या हातात देणार नाही. आणि सरकारी माणसं आपल्याला फुकट काही द्यायला लागली की मला झोप येत नाही. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या काळ्या माणसांना याच राज्यात फुकट रक्त तपासतो म्हणून बोलावलं होतं. चाळीस वर्षं बघत बसले, औषध दिलं नाही."

हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पण मग तो उठला आणि टकर कुत्र्याला घेऊन अग्निशमन दलाच्या शेडकडे गेला, कारण आज तिथे रेबीजची लस होती. दर वर्षी न चुकता नेतो. टकरच्या गळ्यात नवा बिल्ला आला.

गुरुवार, ४ एप्रिल

हर्शेल ऐकत नाही. रविवारी सगळे डीकन उभे राहणार आणि प्रमुख बसून राहणार. ज्या बायकांच्या मी मागे लागून लागून डब्या भरून घेतल्या, त्या माझ्याकडे बघणार. वर्डेल तोंडावर हसेल, बाकीच्या पाठीमागे.

सकाळी मी न्हाणीघरात त्याच्या नावाची नळी भरून टाकली. माझंच. वर त्याचं नाव, त्याची जन्मतारीख, माझं बऱ्यापैकी अक्षर. दोन मिनिटांचं काम. कुणाचं नुकसान नाही.

थोडं लाल दिसलं. ते मूळव्याधीचं, वर्षभर अधूनमधून दिसतंच. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं जड पातेली उचलली, त्याचं फळ.

रविवार, ७ एप्रिल

पास्टरनी पुकारलं, "डीकन हर्शेल मिम्स!"

त्याने भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी पंखा हलवत वर छताकडे पाहिलं. तो उठला. टाळ्या पडल्या. त्याने हात वर करून त्या घेतल्यासुद्धा!

गाडीत बसल्यावर म्हणाला, "काय भरलंस त्यात?"

"तुला काय करायचंय?"

"टकरचं नाही ना?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्याला काय वाटायचं ते वाटू दे. घर येईपर्यंत तो हसत होता, स्टिअरिंगवर थापा मारत. इतका हसलेला त्याला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता, मग मीही हसले.

सोमवार, २२ एप्रिल

केटलिनचा फोन. डीकन मिम्स यांच्या नळीत रक्त निघालंय. घाबरायचं कारण नाही, बऱ्याचदा साधं काहीतरी असतं, पण कॅमेऱ्याची तपासणी करायलाच हवी. त्यांचा विमा सगळं भरेल.

हर्शेलला सांगितलं तर तो हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. "टकरला सांग, तुला मॉन्टगोमेरीला जायचंय!"

"हसू नकोस. तू गेला नाहीस तर ती पास्टरला सांगेल, पास्टर घरी येतील, आणि मग काय सांगणार आहेस? नळी कुत्र्याची होती?"

"होती का?"

"जायचं आणि यायचं. तुझं काय जातंय?"

त्याने माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू फार बर्फ खातेस हल्ली." कुठला विषय कुठे नेतो हा माणूस!

शुक्रवार, १० मे

काल दिवसभर हर्शेलने पोट साफ करायचं ते औषध प्यायलं आणि प्रत्येक घोटाला मला शिव्या घातल्या. आज नेलं. पुन्हा तीच खोली, तोच बर्फ.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की आतड्यात दोन गाठी होत्या. त्यातली एक वाईट वळणावर होती, अजून दोनतीन वर्षांत कॅन्सर झाला असता. दोन्ही तिथल्या तिथे काढल्या. "वेळेवर आलात," म्हणाले.

मी भिंतीचा आधार घेतला. देवा, माझ्या लबाडीने माझा नवरा वाचवलास! मी तिथेच रडले. कुणीतरी मला पेलाभर बर्फ आणून दिला.

मंगळवार, १४ मे

आज परत बोलावलं होतं. हर्शेलने डॉक्टरला विचारलं, "माझ्या गाठींतून रक्त येत होतं का?"

डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा गाठींतून सहसा येत नाही, पण नळीत निघालं हे तुमचं नशीब.

घरी येताना हर्शेलने गाडी पेट्रोल पंपापाशी थांबवली, पण पेट्रोल घेतलं नाही.

"टकरचं नव्हतं."

"नव्हतं."

"तुझं होतं."

"मूळव्याध आहे मला. तुला माहीत आहे."

"मला काय माहीत? तू सांगितलंस तेवढं माहीत. आपण उद्याच जाऊ."

"कशावर? तुझ्या विम्यावर? त्यावर माझं नाव नाही, हर्शेल. एका तपासणीचं बिल आलं की महिन्याला थोडं थोडं फेडायचं. आणि पुढे काही निघालं तर? घर तेवढं आपलं आहे. मूळव्याधीसाठी मी घर घालवू? चार वर्षं थांब. पासष्टला दोनदा जाईन, मिसेस हॅडलीसारखी."

"चार वर्षं," तो म्हणाला. मग गाडी सुरू केली. चर्चमध्ये कुणाला काही बोलायचं नाही, असं मी त्याच्याकडून वदवून घ्यायला गेले, तर मान हलवली पण शब्द दिला नाही.

गुरुवार, २३ मे

मिसेस हॅडलीच्या जिन्यात बसले. धाप लागली होती. तिने लिंबूपाणी दिलं, चांगली बाई आहे. म्हणाली, "ओडेसा, तू वर्षाची तपासणी करून घेतेस ना?" मी हो म्हटलं.

हर्शेलने फ्रीजमधले बर्फाचे साचे लपवून ठेवलेत. माझं डोकं फिरलं. साठी उलटल्यावर नवरा बर्फ चोरतो!

रविवार, २ जून

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

पहिला रविवार. देवाच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा पास्टरनी हर्शेलला पुढे बोलावलं. फुकटच्या साध्या चाचणीने आपला डीकन कसा वाचला, हे त्याच्या तोंडून सगळ्यांनी ऐकावं म्हणून. केटलिनही मागच्या बाकावर बसली होती. मी माझ्या जागी भिंतीशी, पंखा हातात, तोंडात बर्फाचा शेवटचा खडा.

हर्शेलने घसा साफ केला. "पास्टर, त्या नळीत माझं काहीही नव्हतं."

कुणीतरी हसलं.

"मी लाजत होतो. एवढा मोठा डीकन, काडी हातात धरायला लाजत होतो. माझ्या बायकोने माझी लाज राखली. तिने तिचं भरलं आणि माझं नाव लिहिलं. ते रक्त तिचं आहे! त्या रक्ताने मला दवाखान्यात नेलं, माझ्या गाठी काढल्या, माझ्या विम्याने पैसे भरले. आणि ज्या बाईचं रक्त ती बघा, तिथे पांढऱ्या कपड्यात उभी राहून बर्फ चावतेय, कारण तिच्याकडे विमा नाही आणि ती पासष्टची व्हायची वाट बघतेय!"

मग त्याला रडू कोसळलं. बाकाला धरून तो खाली बसायला लागला.

चर्चमध्ये कुणी कोसळलं की आम्ही जातो. वीस वर्षांची सवय आहे. मी त्याच्यावर इतकी संतापले होते की त्याला तिथेच पडू द्यावंसं वाटलं, पण पाय आपोआप निघाले. रुमाल काढला, वारा घालायला लागले. त्याने माझा पंख्याचा हात धरला आणि सोडेना. मग वर्डेल आली. मला वाटलं ती त्याला धरायला आली. तिने मला धरलं.

शनिवार, १५ जून

चर्चच्या मागे मोठ्या कढया लागल्या. पहाटेपासून मांजरमासे तळणं चाललंय. मासा, कोबीची कोशिंबीर, मक्याच्या पिठाचे वडे, अशी ताटं विकून माझ्या तपासणीचे पैसे उभे करायचे. मिसेस हॅडलीने दहा ताटं घेतली. मला कढईला हात लावू दिला नाही. एका खुर्चीवर बसवून ठेवलं, लोक येऊन हात दाबून जात होते. कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे.

वर्डेलला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "गप बस. मयताच्या जेवणाला मासे नसतात, कोंबडी असते."

दोघी पोट धरून हसलो. हर्शेल तेलाच्या धुरात उभा होता. मी त्याच्याशी अजून नीट बोलत नाही. तो बर्फ मात्र परत देतो, विचारलं की.

बुधवार, १० जुलै

पैसे जमले तरी तारीख मिळायला इतके दिवस लागले. या वेळी गुंगीत मी गेले आणि बाहेरच्या खोलीत हर्शेल बसला.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले होते. मिसेस हॅडलीच्या वेळी ते उभ्याउभ्याच बोलले होते. तेव्हाच मला कळलं.

त्यांनी विचारलं, "बर्फ किती दिवसांपासून खाताय?"

"दीड वर्ष असेल. का?"

"अंगातलं रक्त कमी झालं की असं होतं. आत थोडं थोडं वाहत होतं."

दीड वर्षापूर्वी मला पासष्टला साडेपाच वर्षं होती.

गुरुवार, १८ जुलै

यकृतापर्यंत गेलंय.

हर्शेल अंगणात गेला आणि टकरच्या घराचं पत्र्याचं छप्पर दुरुस्त करत बसला. ते मोडलेलं नव्हतं.

मी त्याच्यावर आता रागावलेली नाही. रागावणं झेपत नाही. भीती वाटते, खूप वाटते. पासष्टव्या वाढदिवसाला काय करायचं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं, नवा चष्मा, दात, सगळं एकदमच करून घ्यायचं. डॉक्टरना विचारलं की तिथपर्यंत जाईन का. ते चांगले आहेत, त्यांनी खोटं सांगितलं नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

पहिला रविवार, पण मी निळ्या ड्रेसमध्ये आणि बाकावर. पांढरा ड्रेस आता खांद्यावरून उतरतो. माझ्या जागी भिंतीशी वर्डेल उभी होती, पंखा घेऊन. डोळा माझ्यावरच.

केटलिन नवं खोकं घेऊन आली. पास्टर म्हणाले, मिस ओडेसांनी दोन शब्द बोलावेत. हर्शेलने मला उठवून उभं केलं आणि पाठीला हात लावून ठेवला.

मी म्हटलं, "माझी डबी अजून घरी खणात आहे, बॅटऱ्यांखाली. तुमची तिथे टाकू नका. पुरुषांनो, आपापली काडी आपापल्या हाताने धरा." थोडे हसले. मला आणखी बोलायचं होतं, पण दम पुरला नाही.

तेव्हा वर्डेलने भिंतीशी उभ्याउभ्या हात वर केला. ती अठ्ठावन्नची, महामार्गावरच्या मोटेलमध्ये खोल्या साफ करते. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "ओडेसा, रक्त निघालं तर मग मी कुठे जाऊ?"

मी केटलिनकडे पाहिलं. केटलिनने कागदांकडे पाहिलं. "ते... म्हणजे, विम्यावर..." असं म्हणून ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी वाईट नाही. तिच्या हातात तरी काय आहे?

मी वर्डेलला काय सांगायचं? चर्चमध्ये नुसते पंखे हलत होते.

माझ्या पाठीवरचा हात न काढता हर्शेल म्हणाला, "आम्ही मासे तळू, वर्डेल."

दोनचार जण हसले. वर्डेल भिंतीपासून निघाली, टेबलापाशी गेली, डबी उचलली आणि पांढऱ्या ड्रेसच्या खिशात घातली. तिच्यामागे एकेक करून बायका उठायला लागल्या. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या, लाँड्रीतल्या, म्हाताऱ्यांचं घरोघर जाऊन करणाऱ्या. सगळ्या माझ्या वयाच्या किंवा थोड्या लहान. पासष्टची त्यांच्यात कुणीच नव्हती. रांग दारापर्यंत गेली.

हर्शेल त्या रांगेकडे बघून मान हलवत होता, कढया मोजत असल्यासारखा. पण एवढे मासे आमच्या नदीत नाहीत.